ऐकणारी ती श्राविका



चातुर्मासातली प्रवचनं हल्ली हेडफोनवर ऐकतात. मेडशीत बसून दूरच्या महाराजांची वाणी कानी पडते, हे काय थोडं झालं? पण "यात बास कमी, त्यात आवाज दबतो" म्हणत हजारोंचे हेडफोन बदलत राहणाऱ्यांचं मला नवल वाटतं. माणसाच्या कानाला 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचंच ऐकू येतं, आणि वयाबरोबर वरचं टोक खाली येतं. त्यापलीकडच्या आकड्यांसाठी पैसे मोजणं म्हणजे परिग्रहच की!

तेउकायाच्या जीवांची हिंसा नको म्हणून काही स्थानकवासी साधू-साध्वी आजही माइक वापरत नाहीत. मागच्या ओळींत शब्द अर्धेच पोचतात. मग बायका पुढे सरकून बसतात, रडणारं लेकरू थोपटतात, निसटलेला शब्द शेजारणीला हळूच विचारतात. श्राविका म्हणजे ऐकणारी, ती अशी. असं धडपडून ऐकलेलं प्रवचन घरी जाऊन सांगताही येतं.

आसपासचा आवाज पुसून टाकणारे हेडफोन सामायिकाच्या 48 मिनिटांतही मला नको वाटतात. एरवी घरात वावरताना तर निदान एक कान मोकळा ठेवाच. म्हाताऱ्या सासूबाई दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा स्वतःच उठायला जातात.