डायलिसिसच्या आधीची वर्षे

किडनीच्या आजारासाठी शासन काय करते, असे कोणत्याही जिल्ह्यात विचारा. उत्तर डायलिसिसच्या यंत्रांच्या आकड्यात मिळते. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिसची वाट मोकळी झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही आहेत. या योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आहे आणि प्रत्यारोपणासाठीची अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर. नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयासारखे विशेषोपचारांचे सरकारी रुग्णालय शहराच्या मध्यवस्तीत आहे, ही तर अनेक जिल्ह्यांना हेवा वाटावा अशी गोष्ट. यातले काहीही अनावश्यक नाही. पण हा जवळजवळ सगळा पैसा किडनी निकामी झाल्यानंतर खर्च होतो. ती निकामी होण्याआधी बहुतेकदा दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही. नाशिक जिल्ह्याचे यश यंत्रांच्या संख्येवर मोजणे थांबवावे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या किती रुग्णांची लघवी व क्रिएटिनिन दरवर्षी तपासले गेले, हा आकडा मागावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

उशीर किती होतो, याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. देशभरातील किडनीतज्ज्ञांनी केलेल्या नोंदणीचा ५२ हजारांहून अधिक रुग्णांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ४८ टक्के रुग्ण पहिल्यांदा तज्ज्ञापुढे आले तेव्हाच शेवटच्या, पाचव्या टप्प्यात होते. ३१ टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ मधुमेहात आणि १३ टक्क्यांचे उच्च रक्तदाबात होते. म्हणजे बराच मोठा गट आधीपासून कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होता, गोळ्या घेत होता, साखर मोजत होता. किडनी दुखत नाही. सूज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसतात तोवर बहुतेक काम संपलेले असते. त्यामुळे ‘काही त्रास नाही’ हे इथे निदानच होऊ शकत नाही.

तपासण्या दोनच लागतात. एक रक्तातील क्रिएटिनिन, दुसरी लघवीतून प्रथिन किती जाते याची, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. पहिली पुष्कळदा होते, पण तिचा अर्थ लावला जात नाही. समजा अहवालात क्रिएटिनिन १.१ आले. बहुतेक लॅबच्या छापील मर्यादेत ते बसते, म्हणून त्याखाली लाल रेघ येत नाही आणि कागद पिशवीत जातो. पण पंचवीस वर्षांच्या तरुणात १.१ म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग साधारण ९५. पासष्ट वर्षांच्या बाईत तेच १.१ म्हणजे ५६. साठाच्या खालचा वेग तीन महिने टिकला की त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून हा वेग काढायचे सूत्र सर्वमान्य आहे, संगणक क्षणात ते सोडवतो आणि त्याला जास्तीचे रक्त लागत नाही. तरीही अनेक अहवालांवर तो आकडा छापलेला नसतो. नाशिकमधल्या प्रत्येक लॅबने तो छापावा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नमुने ज्या महालॅबकडे जातात तिने तर छापावाच. बिनखर्चाची यापेक्षा मोठी सुधारणा शोधून सापडणार नाही. दुसरी तपासणी, लघवीची, मात्र होतच नाही. वाढदिवसाच्या फलकाखाली भरणाऱ्या आरोग्य शिबिरांत साखर, रक्तदाब, वजन, चष्म्याचा नंबर सगळे पाहतात. लघवीची बाटली कोणाच्या हातात देत नाहीत. आणि मधुमेहात पहिली खूण बहुधा तिथेच दिसते, क्रिएटिनिन चढण्याच्या कितीतरी आधी.

लवकर कळून उपयोग काय, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी रास्त होता. तेव्हा हाती रक्तदाबाच्या काही गोळ्या होत्या. त्या आजही पाया आहेत: टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही नावे मेडिकलवाल्यांना पाठ आहेत. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते आणि घाबरून त्या बंद केल्या जातात. वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे त्या चालू ठेवायच्या असतात, हे डॉक्टरांनी रुग्णाला आधीच सांगितले तर बरेच नुकसान टळेल. त्यात २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची भर पडली. चार हजारांहून अधिक रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत किडनी ढासळणे, ती निकामी होणे किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू येणे, यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. त्याच वर्षी भारतात या औषधाचे पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात आली. आजार पूर्ण थांबतो असे नाही. पण डायलिसिस काही वर्षे लांबणे म्हणजे काय, हे नकाशा पाहिला की कळते. सुरगाण्याहून नाशिक साधारण नव्वद किलोमीटर. आठवड्याला तीन वेळा, दर वेळी चार तास हा डायलिसिसचा रूढ क्रम. जवळ जागा नसेल तर आठवड्याला साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास आणि सोबत येणाऱ्याचे तीन रोज बुडालेले. डायलिसिस मोफत, पण ही मजुरी कुठल्या योजनेत बसते? मग तिनाचे दोन होतात, दोनाचा एक.

यावर आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. सरसकट सगळ्यांची तपासणी करणे वाया जाणारा खर्च आहे, असे म्हणणाऱ्यांत नावाजलेल्या वैद्यक संस्था आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ मध्ये धोका नसलेल्या, लक्षणे नसलेल्या लोकांची तपासणी करू नये असाच सल्ला दिला होता. तो मला पटतो. म्हणूनच मागणी साठ लाखांहून मोठ्या जिल्ह्याला रांगेत उभे करण्याची नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, घरात किडनीचा आजार, वारंवार होणारे मुतखडे, वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, एवढ्यांपुरतीच ती आहे. तिशीपुढच्यांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीचा सरकारी कार्यक्रम आशाताईंच्या अर्जांवर आधीपासून चालू आहे; त्यात सापडलेल्यांनाच ही दोन तपासण्यांची पुढची पायरी हवी. दुसरा आक्षेप म्हाताऱ्या माणसांना विनाकारण रोगी ठरवण्याचा. वयाबरोबर गाळण्याचा वेग घटतोच, त्यामुळे एका अहवालावर शिक्का मारू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि लघवीत प्रथिन नसेल, वेग स्थिर असेल तर ऐंशीच्या आजोबांना शांतपणे तसेच राहू द्यावे.

वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख ओघात केलेला नाही. द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी, दिंडोरी-निफाडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून येणारे मजूर, मालेगावचे यंत्रमाग: उन्हात आणि उकाड्यात, कमी पाण्यावर दिवस काढणारे शरीर रात्री डायक्लोफेनॅकवर झोपते. ती गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. आंध्रातील उद्दानम आणि गोव्यातील काणकोण इथे मधुमेह नसलेल्या कष्टकऱ्यांत किडनीविकार मोठ्या प्रमाणात सापडला. कारणांवर अजून वाद आहे, पण उष्मा आणि शरीरातले पाणी कमी होणे यांच्याकडे संशोधक गांभीर्याने पाहतात. नाशिकमध्ये हंगामी मजुरांची एकदा तरी पद्धतशीर तपासणी व्हावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. विषय शोधायला त्याला दूर जावे लागणार नाही.

सर्वांत व्यवहारी आक्षेप तज्ज्ञांच्या तुटवड्याचा. तपासून रुग्ण सापडतील, पण किडनीतज्ज्ञ कुठून आणायचे? उत्तर असे, की बहुतेकांना किडनीतज्ज्ञाची गरजच नाही. सौम्य घट असलेल्याचा रक्तदाब, साखर आणि वर्षातल्या तपासण्या तालुक्याचा एमबीबीएस डॉक्टर नीट सांभाळू शकतो. वेग तिसाखाली गेला, लघवीतले गुणोत्तर तीनशेच्या वर असेल, वेग झपाट्याने घसरत असेल किंवा लघवीत रक्त येऊन कारण कळत नसेल, तर मात्र चिठ्ठी लिहून वर पाठवायचे. हे निकष एका पानावर बसतात. आज उलटे घडते: साध्या मुतखड्याचा रुग्ण तज्ज्ञाच्या दारात बसतो आणि ज्याने यायला हवे तो आठ-नऊ क्रिएटिनिन घेऊन रात्री धापा टाकत येतो. मग मानेतल्या शिरेत घाईने नळी घालून डायलिसिस सुरू होते आणि नळीबरोबर जंतुसंसर्गाचा धोकाही येतो. तोच रुग्ण वेग तिसाच्या आसपास असताना आला असता, तर हिपॅटायटिस बीची लस वेळेत झाली असती, हातावरचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनीची जोडणी, करून तो पक्व व्हायला लागणारे दीड-दोन महिने मिळाले असते, आणि घरातल्या दात्याचा किंवा पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण केंद्रातल्या प्रतीक्षायादीचा विचार शुद्धीत बसून करता आला असता. जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी यंदा प्रत्येक केंद्राकडून हे दोन आकडे मागवावेत: नोंदलेले मधुमेही किती आणि त्यांतल्या किती जणांची लघवी तपासली.