नवकारशी ते चौविहार : अहमदाबादमधील एक दिवस

अहमदाबाद पाहावयास गेलेल्या प्रवाशाला हल्ली दोन फेऱ्या सुचविल्या जातात. एक सकाळची, महानगरपालिकेची वारसा-पदयात्रा. दुसरी रात्रीची, माणेकचौकातील खाद्यफेरी. सकाळी शहर पाहावे आणि रात्री ते चाखावे, अशी ही सोयीची वाटणी आहे. बहुतेक प्रवाशांची तिच्यामुळे काहीच अडचण होत नाही. जैन कुटुंबाला मात्र ती अपुरी वाटते. ज्या शहराच्या स्वयंपाकावर जैन आचाराचा एवढा खोल ठसा आहे, त्या शहराची खाद्यपरंपरा परगावच्या पाहुण्यापुढे मांडली जाते ती नेमकी सूर्य मावळल्यानंतर.

माणेकचौकाचा दिवस तीन पाळ्यांत सरतो. सकाळी तेथे भाजीबाजार असतो आणि गाईंना चारा घातला जातो. दुपारी सोन्याचांदीची उलाढाल चालते. रात्री सराफांची दुकाने बंद झाली की त्याच चौकात खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी हटत नाही. या गर्दीमुळे बंद दुकानांवर आपोआप राखण राहते, म्हणून सराफांनीच या बाजाराचे स्वागत केले, असे तेथे सांगितले जाते. व्यापारी माणसाला पटेल असाच हा व्यवहार आहे. एकच जागा, तीन धंदे आणि चौकीदार फुकट.

या गाड्यांवर ‘जैन पावभाजी’ मिळते. तीत बटाट्याऐवजी कच्चे केळे असते, कांदा-लसूण नसतो. विक्रेता ते अभिमानाने सांगतो आणि त्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न घड्याळाचा आहे. रात्री अकरा वाजता वाढल्या जाणाऱ्या या पदार्थात ‘जैन’ हे विशेषण केवळ घटकांच्या यादीपुरते उरते. कंदमुळाचा त्याग पाळला गेला आणि रात्रिभोजनाचा त्याग मात्र निसटला. जैन आहारविचारात काय खावे याइतकेच महत्त्व केव्हा खावे, कोणते पाणी प्यावे आणि किती काळ साठविलेले अन्न वर्ज्य मानावे यांना आहे. बाजाराने त्यातले जे सहज विकता येते तेवढे उचलले. त्याचा दोष एकट्या बाजाराला देता येणार नाही. गिऱ्हाईकाने मागितले तेच त्याने दिले.

म्हणूनच अहमदाबादचा दिवस नवकारशी ते चौविहार या मर्यादेत आखून पाहण्याजोगा आहे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका, ४८ मिनिटे, अन्नपाण्याचा त्याग. डिसेंबरात तेथे सूर्य सुमारे सात वाजून दहा मिनिटांनी उगवतो. म्हणजे आठच्या सुमारास नवकारशी पुरी होते. वारसा-पदयात्राही जवळपास त्याच वेळी सुरू होते. कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची ही फेरी महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ पासून चालविली आहे. मार्गदर्शकाबरोबर चालत तिला सुमारे अडीच तास लागतात. पुढे जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसानगरीचा दर्जा दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर.

या फेरीत खरे दर्शन घडते ते पोळांचे. पोळ हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’ म्हणजे दरवाजा यावरून आला. एकाच दाराच्या आत, एका जातीच्या वा एका व्यवसायाच्या कुटुंबांची दाटीने वसलेली घरे, मध्ये अरुंद गल्ली, पक्ष्यांना दाणे घालण्याचा उंच चबुतरा आणि एखादे मंदिर, अशी तिची रचना असते. पुण्यातील वाडा पाहिलेल्या माणसाला पोळेतील घर परके वाटत नाही. ओटा आहे, मध्यभागी चौक आहे, कोरीव लाकडी खांब आहेत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहरातील काही नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. विटांच्या भिंतीत लाकूड गुंफून बांधलेली यांतील बहुतेक जुनी घरे मात्र तग धरून राहिली.

चौकाच्या फरशीखाली ‘टांकू’ असते. पावसाचे पाणी गच्चीवरून नळाने या भूमिगत टाक्यात उतरविले जाई. पहिल्या पावसाने गच्ची धुऊन निघाल्यावरच टाक्याचे तोंड उघडायचे, अशी शिस्त होती. आत ऊन पोहोचत नसल्याने पाणी वर्षभर टिके. हे पाणी गाळून आणि उकळून घेतले की साधुसाध्वींना वहोरावयास आणि घरच्या तपस्व्यांना चाले. नदीकाठच्या शहरातील श्रावकाने घराखाली स्वतःची विहीर नव्हे, तर स्वतःचा पाऊस साठविला होता. मार्गदर्शक हे टाके स्थापत्यातील युक्ती म्हणून दाखवितो आणि ती युक्ती आहेच. परंतु जैन पाहुण्याने ते स्वयंपाकघराचा भाग म्हणून पाहावे. अन्नाची शुद्धी पाण्यापासून सुरू होते, हे पोथीतील वाक्य तेथे दगडचुन्यात बांधलेले आहे.

पुढे हाजा पटेलनी पोळ, झवेरीवाड, संभवनाथाची खडकी, चौमुखजीची पोळ आणि दोशीवाडा असा मार्ग जातो. यांतील काही देरासरे बाहेरून साध्या घरासारखी दिसतात. आत शिरल्यावर संगमरवरी सभामंडप समोर येतो. संभवनाथाच्या मंदिरात मूर्ती भूमिगत गाभाऱ्यात आहेत. अस्थिर राजकीय काळात मूर्तींचे रक्षण व्हावे म्हणून अशी योजना केली जाई. दर्शनासाठी पायऱ्या उतरून जाताना त्या काळातील भीती आणि त्या भीतीपुढे न झुकलेली श्रद्धा या दोन्हींची जाणीव होते.

मराठी वाचकाने या टप्प्यावर क्षणभर थांबावे असा एक प्रसंग आहे. १७२५ मध्ये सुभेदारीच्या झगड्यात हमीदखानाच्या बाजूने आलेल्या मराठी फौजा अहमदाबाद लुटण्याच्या बेतात होत्या. त्या वेळी नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पदरची रक्कम देऊन शहर वाचविले. शाहजहानच्या काळातील विख्यात जवाहिरे आणि नगरशेठ शांतिदास झवेरी यांचे ते नातू. शहरातील महाजनांनी एकत्र येऊन या उपकाराची परतफेड लेखी केली. व्यापारी मालावर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंद आणि त्यांच्या वारसांना द्यावेत, असा तो लेख होता. शेकडा पाव रुपया ही रक्कम लहान दिसते. पण धर्माने आणि धंद्याने भिन्न असलेल्या व्यापाऱ्यांनी ती स्वखुशीने स्वतःवर बसवून घेतली. पुढे याच शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल अर्धशतकाहून अधिक काळ राहिला. गायकवाडांची हवेली आजही तेथे त्याची साक्ष देते. ज्यांच्यापासून शहर सोडवावे लागले, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी तेथे राज्य केले आणि व्यापार चालू राहिला. इतिहास जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो, तो असा.

मार्गावर हरकुंवर शेठाणींची हवेली लागते. तिच्या कोरीव लाकडी सज्जाकडे सर्वांच्या नजरा जातात. परंतु या कर्तबगार स्त्रीचे खरे स्मारक शहराच्या दिल्ली दरवाजाबाहेर आहे. शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे मंदिर आरंभिले आणि ते पुरे होण्यापूर्वीच १८४५ मध्ये त्यांचे निधन झाले. शेठाणींनी काम थांबू दिले नाही. १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. मुख्य मंदिराभोवती ५२ देवकुलिकांची ओळ आहे. या बांधकामाला त्या काळात सुमारे दहा लाख रुपये लागले असे सांगितले जाते. पतीचे अपुरे राहिलेले दान पत्नीने पुरे केल्याची उदाहरणे जैन इतिहासात अनेक आहेत. मात्र त्यांचा हिशेब अनेकदा पतीच्याच नावे मांडला जातो.

फेरी माणेकचौकातून पुढे जाते. वाटेत अहमदाबादच्या जुन्या शेअरबाजाराची वास्तू लागते. १८९४ मध्ये स्थापन झालेला हा बाजार मुंबईनंतरचा देशातील दुसरा सर्वांत जुना. अखेर १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या जामा मशिदीच्या प्रांगणात पाय थांबतात. तिच्या अडीचशेहून अधिक खांबांवरील कोरीवकाम पाहिल्यावर, देरासरे घडविणाऱ्या कारागिरांची परंपराच येथेही राबली हे सांगावे लागत नाही.

आता खाण्याचा विचार. सकाळच्या अहमदाबादची ओळख फाफडा, गाठिया, खमण आणि जिलेबी यांनी होते. बेसनाच्या फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेली मिरची येते. येथेच विवेकाची परीक्षा सुरू होते. जिलेबीचे पीठ आंबविलेले असते, म्हणून व्रतस्थ श्रावक ती टाळतात. डाळीच्या पिठात कच्चे दही वा ताक मिसळले असेल तर द्विदळाचा दोष लागतो. दही आधी तापविले असेल तर तो टळतो. म्हणून हांडवा किंवा ढोकळा घेण्यापूर्वी ‘दही तापवून घातले आहे काय?’ हा प्रश्न विचारावा लागतो. जुन्या शहरातील अनुभवी विक्रेत्याला तो विचित्र वाटत नाही, हीच तेथील खरी खाद्यपरंपरा. श्वेतांबर आणि दिगंबर आचारांत तपशिलाचे भेद आहेत. विचारपूर्वक खाण्याची सवय मात्र समान आहे.

मग येतो खाकरा. प्रवासात, दुकानात आणि तपाच्या पारण्यात उपयोगी पडणारा हा कोरडा पदार्थ आज आकर्षक वेष्टनांतून परदेशी जातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. परंपरेने मिठाई, पीठ आणि अशा कोरड्या पदार्थांना काळाची मर्यादा घालून दिली आहे : पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३०. वेष्टनावर अंतिम तारीख छापण्याचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी श्रावकाच्या घरातील डब्याला अशी तारीख होती आणि ती गृहिणीच्या स्मरणात लिहिलेली होती. ऋतूप्रमाणे हवेतील ओल बदलते आणि ओलीप्रमाणे जीवोत्पत्ती वाढते, एवढा सूक्ष्म विचार त्यामागे आहे. नातवंडांना ही मर्यादा खाकऱ्याच्या दुकानात उभे राहून सांगितली तर ती प्रवचनापेक्षा अधिक लक्षात राहील.

दुपारी हठीसिंह मंदिराचे दर्शन घ्यावे आणि वेळेचे भान ठेवून परतावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. जेवण साडेपाचपर्यंत आटोपायचे तर उपाहारगृहाला आधी सूचना द्यावी लागते, कारण तेथील संध्याकाळचा स्वयंपाक बहुधा सातनंतर सुरू होतो. दहा-पंधरा कुटुंबांचा गट असेल तर ही व्यवस्था सहज होते. गिऱ्हाईकाची मागणी ठाम असेल तर विक्रेता वेळ बदलतो. बटाट्याच्या जागी केळे ज्या मागणीने आणले, ती मागणी जेवणाची वेळही सूर्यास्ताआधी आणू शकते. चौविहाराचे पच्चक्खाण घेतल्यावर माणेकचौकाची रोषणाई पाहायला जाण्यास कोणाची हरकत नाही. डोळ्यांना पच्चक्खाण नसते.

या आनंदाच्या दिवसात एक खिन्न करणारी गोष्टही दिसते. पोळांतील पुष्कळ जैन कुटुंबे पिढ्यांपूर्वीच साबरमतीच्या पश्चिमेस, पालडी-नवरंगपुऱ्याकडे राहावयास गेली. ते स्वाभाविकच होते. गाडी उभी करण्यास जागा हवी, वृद्धांना उद्वाहक हवा. मागे राहिलेल्या काही घरांचे मालासाठी गोदाम झाले. राहणाऱ्या कुटुंबापेक्षा गोदामाचे भाडे अधिक आणि त्रास कमी, हे गणित व्यापारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण गोदामाला टाके लागत नाही, चबुतऱ्यावर दाणे घालण्याची आठवण राहत नाही आणि शेजारच्या देरासरात सकाळच्या पूजेला माणूस मिळत नाही. नोंदणीकृत वारसावास्तूच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क विकून दुरुस्तीचा निधी उभारता येतो, अशी तरतूद तेथे आहे. अडचण बहुधा पैशाच्या आधी येते. एका घराला अनेक वारस असतात, ते अनेक शहरांत विखुरलेले असतात आणि सर्वांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत. भाऊबंदांत बोलणे उरले नाही की छप्पर गळू लागते.

ही स्थिती एकट्या अहमदाबादची नाही. महाराष्ट्रातील अनेक पेठांतही जुनी दुकानघरे आणि गृहमंदिरे अशाच सामाईक नावांवर पडून आहेत. भाऊबंद एरवी लग्नकार्यात भेटतात आणि तेथे असा विषय काढणे बरे दिसत नाही. वारसा पाहावयास एकत्र निघालेल्या कुटुंबाला तो काढण्यास निमित्त मिळते. ज्यांचे पूर्वज पोळेतून आले, त्यांनी आपल्या घराचे दार शोधावे, देरासरात पूजेची एक तिथी वर्षासाठी लिहून द्यावी आणि वारसांच्या सह्यांचा कागद त्याच प्रवासात पुढे सरकवावा.

हठीसिंहांचे मंदिर शेठाणींनी पुरे केले आणि खुशालचंदांच्या ऋणाची फेड महाजनांनी लिहून दिली, कारण कोणीतरी ते आपले काम मानले. वेष्टनावर ‘जैन’ हा शब्द छापण्यास एक क्षण पुरतो. घराखालचे टाके स्वच्छ ठेवण्यास, सूर्यास्तापूर्वी ताटावर बसण्यास आणि भावाला पत्र लिहिण्यास थोडा अधिक वेळ लागतो.