पोत्यावर टक्का, डबीवर नुसता फोटो



कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी सोडून या पानावर क्रीम-साबणाची चर्चा कशाला, असे काही जण विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. वेचणीच्या मजुरीतला पैसा ज्या दाराने घराबाहेर जातो, ते दार तपासणे हे शेतीच्या हिशेबाचेच काम आहे. आणि या दाराने आता पैशाबरोबर आरोग्यही जाऊ लागले आहे.

खताचे पोते घेताना शेतकरी काय पाहतो? 18:46 आहे की 10:26:26, ते पाहतो. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पोत्यावर अन्नद्रव्यांचा टक्का छापावाच लागतो. चित्र बैलाचे असो की सिनेनटाचे, हिशेब टक्क्यावर होतो. तोच शेतकरी अंगाला लावायची डबी मात्र पुढचा फोटो पाहून घेतो. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात घटकांची यादी असते. माल त्या यादीत आहे. पुढे आहे ती जाहिरात.

यादी वाचायची रीत सोपी आहे. ज्याचे प्रमाण जास्त, त्याचे नाव आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या वस्तू शेवटी, कोणत्याही क्रमाने. बहुतेक क्रीममध्ये पहिले नाव 'अ‍ॅक्वा' किंवा 'वॉटर' असते, म्हणजे पाणी. जाहिरातीतले केशर, बदाम, हळद यादीच्या शेपटाला सुगंधाशेजारी सापडले, तर समजावे की हळद डबीत चिमूटभर आणि चित्रात पोतेभर.

आता कामाच्या वस्तू पाहू. कोरडवाहू शेतकऱ्याला ओल टिकवणे कोणी शिकवायला नको. ग्लिसरीन पाणी ओढून धरते, जसे शेणखत जमिनीत ओल धरते. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन हे आच्छादन आहे. ते पाणी देत नाही, असलेले उडू देत नाही. म्हणून ते कोरड्या टाचेवर चोळून फारसा उपयोग नाही. पाय धुऊन, पुसून, कातडी ओलसर आहे तोवरच लावावे. उडून गेलेल्या ओलीवर आच्छादन टाकून पीक येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

टाचांच्या भेगांच्या मलमात आणखी एक ओळखीचे नाव सापडेल: युरिया. होय, तोच. तो जाड कातडी मऊ करतो आणि पाणी धरतो. 10 टक्क्यांच्या 100 ग्रॅम मलमात युरिया भरतो 10 ग्रॅम. 45 किलोच्या पोत्यात अशा 4500 ट्यूबांचा युरिया मावतो. म्हणून कोणी पोत्यातला युरिया पायाला चोळू नये. त्यावर निमाचा लेप असतो, तो औषधी शुद्धतेचा नसतो आणि हाताने टक्का जमत नाही. सांगायचे एवढेच की शुद्धता, बांधणी, वाहतूक यांचा खर्च धरूनही ट्यूबची किंमत आतल्या मालाची आहे की नावाची, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

काही डब्यांवर 'गॉसिपियम हर्बेशियम सीड ऑइल' असे भारदस्त नाव दिसते. ते सरकीचे तेल. एक क्विंटल कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा, बाकी जवळपास सगळी सरकी. आपल्याकडून ती क्विंटलच्या भावाने जाते आणि तिचे तेल लॅटिन नाव घेऊन ग्रॅमच्या भावाने परत येते.

साबणावर मात्र टक्का छापलेला असतो. 'टीएफएम' म्हणजे वडीतला एकूण स्निग्धांश. पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात तो किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70, तिसऱ्या प्रतीत 60. 'बाथिंग बार' लिहिलेल्या वडीला 40 टक्केही चालतात. 100 ग्रॅमच्या दोन वड्यांत एकीत 76 ग्रॅम माल, दुसरीत 40. दुसरी दोन-चार रुपयांनी स्वस्त असली तरी बहुधा महागच पडते. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या होतो.

आता गोरेपणाचा धंदा. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आली. 45 वर्षे गोरेपणा विकून 2020 साली कंपनीने नावातला 'फेअर' पुसून 'ग्लो' केला. गोरेपणा असा एका घोषणेने नावातून काढता येतो, तर तो डबीत होता की जाहिरातीत? अशा क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर ती पांढरी भुकटी आहे. रंगाच्या डब्यातही तीच असते. लावताच चेहरा उजळ दिसतो, धुतला की पहिल्यासारखा. नियासिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचे एक रूप. त्याने डाग थोडे फिकट होतात, हे खरे. पण जन्माचा रंग बदलत नाही, आणि बदलायचे कारणही नाही. कातडीतला काळा रंग उन्हापासून राखण करतो. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर तो निसर्गाने दिलेली सावली आहे. त्याची लाज तिला कोणी शिकवली? आणि त्या लाजेवर घर कोणाचे चालते?

इथवर नुकसान पैशाचे. पुढचे जिवाचे आहे. नायटा झाला, डाग पडला की दुकानदार एक ट्यूब पुढे सरकवतो. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. चार दिवस खाज थांबते, चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते, नायटा अंगभर पसरतो. 2018 साली केंद्र सरकारने अशा मलमांची सूट काढून घेतली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा आहे.

त्याहून वाईट ती बिननावाची, बिनयादीची गोरेपणाची डबी. अकोल्यातील एका कुटुंबातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडल्याचे 2023 साली उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. 2020 च्या सौंदर्य प्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. पण ज्या डबीवर यादीच नाही, तिच्यापर्यंत नियम पोचतो कुठे?

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही तीन ठराव मांडत आहोत. एक: खताप्रमाणे क्रीमच्या डबीवरही मुख्य घटकांचा टक्का छापावा. दोन: यादी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असावी. तीन: चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड मलम आणि बिनयादीचे क्रीम विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी.

ठरावांचे होईल तेव्हा होईल. घरचे काम आजच करता येते. बैठकीला येताना घरातली प्रत्येक डबी, ट्यूब आणि साबणाचे वेष्टन पिशवीत टाकून आणा. मायबहिणींनी स्वतः यावे, कारण मजुरी त्यांची आणि कातडीही त्यांची. शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत आणा. इंग्रजी यादी ती वाचेल, अर्थ आम्ही सांगू.