आधी पाणी, मग अ‍ॅसिड

अ‍ॅसिड पाण्यात ओतावं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच ओतू नये. हा नियम सायन्सच्या मुलांना पाठ असतो. पण कडेगावसारख्या भागात तो पाठ असून भागणार नाही, हाताला सवय व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुनं सोनं शुद्ध करताना ते चांदीबरोबर वितळवून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. तेव्हा निघणारा तपकिरी धूर फार श्वासात गेला, तर काही तासांनंतरसुद्धा फुप्फुसात पाणी भरू शकतं. दहावी-बारावी करून गलाईवर जाणाऱ्या पोरासाठी शाळेची प्रयोगशाळा हीच पहिली, आणि कदाचित शेवटची तालीम असते.

नियमामागचं कारण साधं आहे. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या 1.84 पट जड असतं. त्यावर पाणी ओतलं की ते वरच राहतं, मिसळताना निघणारी उष्णता त्या पातळ थरात कोंडते, पाणी एकदम उकळतं आणि अ‍ॅसिड तोंडावर उडतं. भरपूर पाण्यात थोडं थोडं अ‍ॅसिड सोडून ढवळत राहिलं, तर ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. 1 लिटर 1 मोलर द्रावणाला 18 मोलर अ‍ॅसिड सुमारे 55 मिलिलिटर लागतं, हे गणित जर्नलमध्ये सुटतं. आधी काय ओतायचं, हे मात्र त्या गणितात येत नाही.

क्रमाचं मोल कडेगावला नवं नाही. मोहरमचे इथले गगनचुंबी ताबूत आधी कळस, मग पाया अशा पद्धतीने बांधले जातात. ती कला जाणत्यांच्या शेजारी उभं राहून, हात लावूनच शिकावी लागते.

आपण जाबिर इब्न हय्यानचं नाव अभिमानाने घेतो. त्याच्या नावावरच्या ग्रंथांत प्रयोगालाच मोठा मान आहे. मग आपल्या मुलांनी लांबून प्रात्यक्षिक बघून जर्नल का उतरवावी?

प्रत्येक मुलामुलीने आधी रंगीत पाण्याने सराव करावा. मग चष्मा लावून, शिक्षकांसमोर, स्वतः अ‍ॅसिड सौम्य करावं. अंगावर उडालं तर निदान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, हेही तिथेच शिकावं. पुढच्या पालकसभेत टक्केवारीआधी एवढं विचारा: प्रयोगशाळेत चष्मे किती आहेत, आणि नळाला पाणी येतं का?