आधी कान, मग उपग्रह

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यांतला जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी घडवला होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ वर गेला. दोन्हींचे भरपूर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र ‘प्रथम’च्या आखणीतला एक भाग त्या कौतुकात मागे पडला, आणि मला तोच सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, इलेक्ट्रॉन किती आहेत हे त्याला मोजायचे होते. त्यासाठी उपग्रहाने दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर संदेश पाठवत राहायचे आणि खरी मोजणी जमिनीवर करायची, अशी रचना होती. ऐकणारी केंद्रे जितकी जास्त, तितके हाती येणारे विज्ञान जास्त. म्हणूनच आयआयटीच्या मुलांनी इतर महाविद्यालयांनाही केंद्रे उभारण्याच्या कामात ओढले. आज राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्वतःचा उपग्रह हवा आहे. तो जरूर हवा, पण त्याआधी त्यांनी इंटरनेटने जोडलेले, हौशी रेडिओच्या धर्तीवरचे उपग्रह ऐकणारे केंद्र उभारावे, आणि विद्यापीठांनी व सरकारनेही पहिला पैसा त्यालाच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

यामागचे गणित अवघड नाही. पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण पंचाण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. ध्रुवांवरून फिरणारा असा उपग्रह महाराष्ट्रातल्या एखाद्या गच्चीवरून पाहिला तर दिवसाकाठी चार-पाच वेळा क्षितिजाच्या वर येतो आणि दर वेळी फार तर दहा-बारा मिनिटे टिकतो. या प्रत्येक खेपेला हौशी मंडळी ‘पास’ म्हणतात. सगळे पास मिळून दिवसाचा पाऊण तास धरा. उरलेले सव्वातेवीस तास तो उपग्रह आपल्यापुरता मुका असतो. त्याचा ट्रान्समीटर असतो अर्ध्या-एक वॉटचा. डोक्यावर असताना तो पाचशे किलोमीटरवर असतो, पण क्षितिजाशी असताना अडीच हजारांवर, म्हणजे तेव्हा येणारा संदेश पंचवीस पटींनी क्षीण झालेला असतो. स्वतःच्या एकाच अँटेनाच्या भरवशावर उपग्रह सोडणारे महाविद्यालय त्याच्या आयुष्यातला फार थोडा भाग ऐकणार, हे त्यामुळे आधीच ठरलेले असते. जगभरातल्या हौशी मंडळींनी हे पहिल्या दिवसापासून ओळखले होते. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या हौशींचा ‘ऑस्कर-१’ कक्षेत गेला. मोर्समध्ये ‘हाय’ एवढाच शब्द तो पुन्हापुन्हा पाठवी, आणि तो किती भरभर येतो त्यावरून उपग्रहाच्या आतले तापमान कळे. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी त्याच्या नोंदी करून पाठवल्या. २००८ च्या एप्रिलमध्ये आपल्याच पीएसएलव्हीने नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांचा ‘डेल्फी-सी३’ सोडला, तेव्हा त्या मुलांनी संदेश उलगडणारे सॉफ्टवेअर जगभरच्या हौशींना वाटले आणि उपग्रहाची माहिती त्यांच्याकडून इंटरनेटवर गोळा केली. छोट्या उपग्रहांचा संसार तेव्हापासून असाच दुसऱ्यांच्या गच्च्यांवर चालत आला आहे. आपली मुले उपग्रह सोडून इतरांच्या कानांवर अवलंबून राहणार असतील, तर इतरांसाठी आपलेही कान उघडे ठेवणे हा साधा परस्परांचा व्यवहार आहे.

आता हे केंद्र असते तरी काय? ग्रीसमधल्या लिब्रे स्पेस फाउंडेशनच्या ‘सॅटनॉग्ज’ या प्रकल्पाने २०१४ मध्ये हॅकाडे पारितोषिक मिळवले, आणि त्याचे आराखडे व सॉफ्टवेअर कोणालाही फुकट मिळतात. गच्चीवर पाइपावर उभी केलेली न फिरणारी अँटेना, तिच्या मुळाशीच बसवलेला लहानसा अँप्लिफायर, खाली येणारी केबल, यूएसबीत खोचायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा एसडीआर रिसीव्हर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. एवढ्यावर भागते, आणि खर्च वीस-पंचवीस हजार रुपयांच्या आसपास जातो. उपग्रहामागे फिरणारी अँटेना हवी असेल तर खर्च कित्येक पटींनी वाढतो, पण सुरुवातीला तिची गरज नसते. केंद्र नेटवर्कला जोडले की ज्याचे स्वतःचे केंद्र नेटवर्कवर चालू आहे असा जगातला कोणीही त्यावर अमुक उपग्रहाचा अमुक वाजताचा पास नोंदवू शकतो. ठरल्या वेळी संगणक आपणहून रेकॉर्डिंग सुरू करतो, संपल्यावर ते वर चढवतो आणि ते सगळ्यांना खुले होते. त्यासोबत ‘वॉटरफॉल’ नावाचे एक चित्र येते. आडव्या बाजूला फ्रिक्वेन्सी, उभ्या बाजूला वेळ, निळ्या-काळ्या पार्श्वभूमीवर उपग्रहाची पिवळसर रेघ. फलाटावरून न थांबता सुसाट निघून जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, तसेच ४३७ मेगाहर्ट्झवरचा संदेश पासच्या सुरुवातीला सुमारे दहा किलोहर्ट्झ वर असतो आणि शेवटी तितकाच खाली गेलेला असतो. संगणक हा फरक आधीच हिशोबात धरून ट्यूनिंग सरकवत राहतो. कक्षेची माहिती बरोबर असेल तर रेघ सरळ उभी दिसते, चुकीची असेल तर वाकते.

त्या वाकलेल्या रेघेला मोठी किंमत आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ ने एका दमात १०४ उपग्रह सोडले. अशा उड्डाणानंतरचे पहिले काही दिवस रडारला ठिपके दिसतात, पण कोणता ठिपका कोणाचा हे ठरत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या केंद्रांनी टिपलेल्या रेघांचा कल जुळवून पाहिला की कोणता संदेश कोणत्या कक्षेतून येतो ते उमगते आणि आपला उपग्रह सापडतो. विद्यापीठांच्या, विशेषतः पहिलटकरांच्या, उपग्रहांत अपयशाचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतले कित्येक तर कक्षेत गेल्यानंतर एकदाही ऐकू येत नाहीत, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांतून वारंवार पुढे आले आहे. उपग्रह खरोखर मेला, की जिवंत असून ऐकायला कोणी नव्हते, हे न कळणे ही विद्यार्थ्यांच्या कैक वर्षांच्या मेहनतीची सगळ्यांत वाईट अखेर म्हणायला हवी. ज्या मुलांनी वर्ष-दोन वर्षे इतरांचे उपग्रह ऐकले असतील, त्यांची बॅटरीची व्होल्टेज, पॅनेलचे तापमान, संदेशातले तुटलेले दुवे पाहिले असतील, ती स्वतःचा उपग्रह आखताना बीकन, म्हणजे उपग्रह सतत पाठवत राहतो तो ओळखीचा संदेश, आधी भक्कम करतील. कोणत्या चुका उपग्रहाला मुके करतात, याचे शिक्षण दुसऱ्याच्या उपग्रहावर फुकट मिळते. स्वतःच्या उपग्रहावर ते फार महाग पडते.

हा सगळा हौसेचा मामला आहे, त्यावर संस्थांनी पैसा का घालवावा, असा आक्षेप येईल. हौशी लोकांच्या ऐकण्याने काय साधले, हे नोंदींतच पाहावे. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर सोव्हिएत उपग्रहांचे संदेश नेमाने टिपत असत. १९६६ मध्ये एका उपग्रहाची कक्षा जुन्या तळाशी जुळेना, तेव्हा त्यांनी गणिताने दाखवून दिले की रशियात प्लेसेत्स्कजवळ उड्डाणांचा नवा तळ सुरू झालेला आहे. सोव्हिएत सरकारने तो तळ जाहीरपणे मान्य करायला १९८३ उजाडावे लागले. नासाचा ‘इमेज’ हा उपग्रह २००५ च्या डिसेंबरात अचानक गप्प झाला आणि तो गेला असेच धरले गेले. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसराच उपग्रह शोधत असताना त्यांना याचा संदेश सापडला आणि काही दिवसांत नासानेही तो ‘इमेज’च असल्याचे सांगितले. दोन्ही ठिकाणी उपकरणे सामान्य होती. रोज, न कंटाळता ऐकणे आणि लिहून ठेवणे मात्र असामान्य होते. शाळांनाही हे जमते. ब्रिटनमधल्या हौशींचा ‘फनक्यूब-१’ नोव्हेंबर २०१३ मध्ये मुळात शाळांसाठीच सोडला गेला आणि त्याची माहिती जगभरच्या श्रोत्यांकडून एका ठिकाणी जमा होत गेली.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. इतरांची केंद्रे इंटरनेटवर फुकट ऐकता येत असतील, तर आपण स्वतःचे कशाला उभारायचे? एक तर रेडिओलहरींना भूगोल चुकत नाही. या केंद्रांची दाटी युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहे, आणि उपग्रह दख्खनवर असताना युरोपातल्या गच्चीवर तो ऐकूच येत नाही. दुसरे कारण आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. शहरातले आकाश गोंगाटाचे असते. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टच्या मोटारी, सोलरचे इन्व्हर्टर, सगळ्यांची खरखर अँटेनात शिरते आणि अर्ध्या वॉटचा संदेश तिच्यात बुडून जातो. दादर किंवा हडपसरपेक्षा गडचिरोली, सिंधुदुर्ग, नंदुरबारमधल्या महाविद्यालयांना इथे निसर्गतःच अधिक अनुकूल जागा मिळालेली आहे, आणि अशी क्षेत्रे फार थोडी आहेत. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, त्यामागेही शहरी गोंगाटापासून दूर असणे हे एक कारण होते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश थेट खोडदला ऐकू येत होता आणि उतरण्याआधी तो तुटल्याचेही तिथेच कळले. जगातला एक उत्तम कान नारायणगावच्या शेजारी आहे. तालुक्यातल्या मुलांना त्याच विद्येची सुरुवात स्वतःच्या गच्चीवर करता यावी, एवढीच माझी मागणी आहे.

ऐकण्यासारखे आता काय उरले, असेही विचारले जाते. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या जुन्या हवामान उपग्रहांवरून ढगांची चित्रे उतरवणे हा हौशींचा पहिला धडा असे, आणि ते उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, हे खरेच आहे. पण रशियाचे ‘मेटिओर-एम’ मालिकेतले उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल चित्रे पाठवतात, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा आवाज १४५.८०० वर येतो, आणि विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची खरी गर्दी ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्ये आहे.

सुरक्षेचा आणि कायद्याचा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. हे केंद्र काहीही प्रक्षेपित करत नाही, ते फक्त ऐकते. हौशी सेवेतले संदेश अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करू नयेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याला अपवाद उपग्रहाला द्यायच्या आज्ञांचा. त्यामुळे कोणाचे गुपित चोरले जाण्याचा प्रश्न येत नाही. तरीही १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय यंत्र नुसते बाळगण्यालाही बंदी घातली होती, आणि त्या काळापासूनची धास्ती प्राचार्यांच्या मनातून गेलेली नाही. संसदेने २०२३ मध्ये जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा केला. आता दूरसंचार विभागाने शैक्षणिक संस्थांच्या फक्त ऐकणाऱ्या केंद्रांबाबत एका पानाचा सुस्पष्ट खुलासा काढावा. त्याने जितके काम होईल तितके लाखाच्या अनुदानाने होणार नाही. तोवर महाविद्यालयातल्या निदान एका शिक्षकाने हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा द्यावी. बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते, तेव्हा ती अवघड आहे ही सबब चालणार नाही.

सगळ्यांत खरा आक्षेप देखभालीचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. उद्घाटनाच्या फोटोनंतर धूळ खाणारी उपकरणे आपल्या प्रयोगशाळांत थोडी नाहीत. अँटेनाचे शत्रू तर ठरलेले आहेत: वळवाच्या विजा, कोकणातली खारी दमट हवा, केबलच्या सांध्यात झिरपणारे पाणी, माकडे आणि वीज गेल्यावर बिघडणारे मेमरी कार्ड. पण या केंद्राला एक सोय अंगचीच आहे, जी इतर उपकरणांना नसते. नेटवर्कच्या नकाशावर प्रत्येक केंद्र शेवटचे कधी चालले हे जगाला दिसते, त्यामुळे बंद पडलेले केंद्र कागदोपत्री चालू दाखवता येत नाही. अनुदान देणाऱ्याने पहिल्या वर्षी सामानापुरतेच पैसे द्यावेत आणि पुढचे पैसे त्या नोंदी पाहून द्यावेत. केंद्र उत्साही विद्यार्थ्याच्या नावावर ठेवू नये, कारण तो चार वर्षांत निघून जातो. ते प्रयोगशाळा सहायकाच्या नेमून दिलेल्या कामात यावे आणि दर तुकडीच्या मुलांनी त्याच्या हाताखाली शिकावे. दर मे महिन्यात पाइपाचे अर्थिंग तपासायचे, प्रत्येक कनेक्टर उघडून हिरवट झालेला असेल तर बदलायचा, वरून रबरी टेप नव्याने गुंडाळायची आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते. हे काम कोणाचे, त्या माणसाचे नाव आधी ठरावे आणि मगच अँटेनाची ऑर्डर द्यावी.