भिंतीआडचा माणूसही नागरिकच आहे

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालापासून उभे आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यशासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये होत. आपल्या जिल्ह्यात गरिबाच्या घरी कोणाचे मन बिघडले, तर बहुधा त्याची वाट याच फाटकाशी येऊन थांबते. रुग्णास आत घेण्यासाठी ते फाटक उघडते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याला बाहेर सोडण्यासाठी ते केव्हा उघडावे, आणि आत काय चालते हे कोणी पाहावे, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तो आता विचारला पाहिजे.

अशा संस्थांवर देखरेख असावी हे तत्त्व नवे नाही. इंग्रजी अमलातील १९१२ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेसाठी किमान तीन अभ्यागत नेमण्याची व दरमहा पाहणी करण्याची तरतूद केली होती. परंतु पाहणारे सरकारने नेमलेले, आणि ज्याची पाहणी व्हावयाची त्याला मात्र आवाज नाही, अशी ती रचना होती. २०१७ चा मानसिक आरोग्यविषयक कायदा, जो २०१८ साली अमलात आला, त्याने ही रचना बदलली. या कायद्यान्वये जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी एक पुनरावलोकन मंडळ असते. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या योग्यतेचा न्यायिक अधिकारी त्याचा अध्यक्ष असतो. जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ व एक वैद्य हे सभासद असतात. याखेरीज दोन जागा रुग्णांसाठी, त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी अथवा त्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. म्हणजे ज्याला कालपर्यंत केवळ पाहिले जात होते, तो आज पाहणाऱ्याच्या आसनावर बसू शकतो.

या मंडळाकडे अर्ज करण्यास शुल्क नाही. रुग्ण स्वतः किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. रुग्णास त्याच्या संमतीवाचून दाखल केले असेल, तर ती गोष्ट सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री अथवा अज्ञान असेल तर तीन दिवसांत, मंडळास कळविणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. असा प्रवेश तीस दिवसांपुरताच असतो. त्यापुढे ठेवावयाचे तर मंडळाची परवानगी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क याच कायद्यात लिहिलेला आहे. उपचारात जातीवरून वा धर्मावरून भेद करता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. आपल्या समाजाने ही ओळ पाठ करून ठेवावी.

यावर कोणी म्हणेल, "घरचे लोकच न्यावयास येत नाहीत, तेथे मंडळ काय करणार?" या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. घर नाही, घरच्यांनी नाकारले, किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाही रुग्णास रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. ती सोय उभारणे हे शासनाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे निदर्शनास आले, तेव्हा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ताबडतोब थांबविण्याचा आदेश दिला. बरा झालेला माणूस भिकारी ठरत नाही, हे सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला बोलावे लागले!

परंतु न्यायालय गावोगाव येऊ शकत नाही. मनोरुग्णालय राज्यशासनाच्या आरोग्य खात्याकडे असले, तरी ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते, आणि बरा होऊन परतलेला रुग्ण त्याच केंद्राच्या दारी येतो. त्याला औषध नियमित मिळते काय? केंद्राच्या वैद्याकडे त्याची नोंद आहे काय? रत्नागिरीची वारी त्याला दर खेपेस करावी लागते काय? हे प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा आपणास अधिकार आहे. जिल्हा परिषदेची आरोग्य समिती व समाजकल्याण समिती या शोभेसाठी नाहीत. आपल्या गटाच्या सभासदास या प्रश्नांचे लेखी उत्तर मागा. रस्त्याची व नळाची मागणी आपण करतो, तशीच हीही करावी.

शेवटचा शब्द आपल्या घरांविषयी. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागीच अडकून प्राणास मुकले. त्यांना बरे वाटावे म्हणून नातलगांनीच तेथे आणून ठेवले होते. आज कोणत्याही मनोरुग्णास साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. अंगारा-धुपारा उंबऱ्याबाहेर टाकलेल्या कुटुंबांनी रुग्णाबद्दलची लाजही तेथेच टाकून द्यावी. ज्याचे नाव घरात उच्चारले जात नाही, त्याच्या हक्कासाठी मंडळापुढे कोण उभे राहणार? म्हणून आधी त्याला भेटावयास जा, त्याचे कागद मागा, आणि मग अर्ज करा.