जोडावरच्या एका अंशाचा हिशेब

एमआरआयची तपासणी आता घरोघरी माहीत झाली आहे. पेशंटला ज्या बोगद्यात सरकवतात त्याच्या भोवती एक जबरदस्त चुंबक असतो. बहुतेक यंत्रांत तो निओबियम आणि टायटॅनियमच्या तारेचा असतो. ही तार उणे 269 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने थंड ठेवतात. एवढ्या थंडीत तारेचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. अडचण एकच, हेलियम महाग आहे आणि त्याचा साठाही मर्यादित आहे.

1986 साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर या शास्त्रज्ञांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये नवा अतिसंवाहक सापडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साइड उणे 180 अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होते, असे दिसून आले. द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंशांचा असतो. तो हवेपासून मिळतो आणि स्वस्त पडतो. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना 1987 सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. आता तारा ओढायच्या तेवढ्या बाकी, असे पुष्कळांना वाटले. पण तसे झाले नाही. असे का व्हावे?

हे ऑक्साइड तांब्याच्या तारेसारखे ओढता येत नाही. ते भट्टीत भाजलेल्या चिनी मातीसारखे ठिसूळ असते आणि असंख्य बारीक स्फटिकांचे बनलेले असते. एकेका स्फटिकात वीज सुखाने वाहते. पण एका स्फटिकातून शेजारच्या स्फटिकात जाताना ती जोडावर अडते. म्हणजे पदार्थ चांगला, पण जोड वाईट. तर मग या जोडावर नेमके असते तरी काय?

आपल्या भगिनी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेच उदाहरण घेऊ. छिद्रांचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, पण एक कागद दुसऱ्याशी एका अंशाने कलला. सुरुवातीला दोन्हींच्या कडेच्या ओळी अगदी लागून असतात. वर वर जाताना त्या हळूहळू फाकतात. 57 ठिपके ओलांडले की फट बरोबर एका ठिपक्याच्या अंतराएवढी होते. तिथे एक नवी ओळ सुरू करावी लागते. ती वर जाते, पण तिच्याखाली तिला जोडीदार नसतो. या अर्धवट ओळीचे जे टोक, त्यालाच विज्ञानात डिसलोकेशन म्हणतात. स्फटिकात ठिपक्यांच्या जागी अणू असतात आणि ओळीच्या जागी अणूंचा अख्खा थर असतो, एवढाच फरक.

हा 57 आकडा कुठून आला? वर्तुळाचे 360 अंश 6.28 ने भागा, 57 येतात. कल 5 अंशांचा असेल तर दर 11 ठिपक्यांनंतर एक टोक येईल. 10 अंशांचा असेल तर साधारण दर 6 ठिपक्यांनंतर. या ऑक्साइडमध्ये एका ठिपक्याचे अंतर सुमारे 0.39 नॅनोमीटर आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणून दोन टोकांमधले अंतर 1 अंशाला सुमारे 22 नॅनोमीटर, 5 अंशांना साडेचार आणि 10 अंशांना जेमतेम सव्वादोन भरते.

आता विजेचे काय होते ते पाहा. टोकाच्या एका बाजूला अणू दाबले जातात, दुसऱ्या बाजूला ताणले जातात. ऑक्सिजनची मांडणीही बिघडते. तेवढ्या जागेतून अतिसंवाहक प्रवाह जात नाही. पण दोन टोकांच्या मधले अणू नीट जुळलेले असतात, ती झाली विजेची वाट. कल वाढला की टोके जवळ येतात, वाटा अरुंद होतात आणि शेवटी बंद होतात.

हे प्रयोगाने दाखवले 1988 साली, आयबीएमच्याच अमेरिकेतील प्रयोगशाळेत. डिमोस, चौधरी, मानहार्ट आणि लेग्यूस या चौघांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे दोन स्फटिक ठरावीक कोनात जोडले आणि त्यांवर या ऑक्साइडचा पातळ थर वाढवला. कोन वाढेल तसा जोड ओलांडणारा प्रवाह झपाट्याने घटला. पुढच्या मोजमापांत असे आढळले की, साधारण दर 10 अंशांना तो दहा पटीने कमी होतो. या चौघांतले प्रवीण चौधरी लुधियान्यात जन्मलेले आणि खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले होते. 1991 साली ओक रिज येथील चिझम आणि पेनीकुक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे या घटीचे मूळ टोकांभोवतीच्या ताणात असल्याचे मांडले.

नेमका दोष कळला, म्हणून उपायही नेमका निघाला. पदार्थ बदलायचा नाही, कल कमी करायचा. धातूच्या पातळ फितीवर आधी दुसऱ्या ऑक्साइडचे थर असे बसवतात की वरचे सगळे स्फटिक काही अंशांच्या आत एका दिशेला तोंड करून वाढतात. दुसरा उपाय 2000 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे दाखवला गेला. जोडावर थोडे कॅल्शियम मिसळले की जास्त प्रवाह जातो.

1987 साली दिसलेले स्वप्न फितीत उतरायला बरीच वर्षे गेली. 2021 साली अमेरिकेत एमआयटी आणि तिच्या सहकारी कंपनीने याच कुळातल्या ऑक्साइडच्या फितींनी 20 टेस्लाचा मोठा चुंबक चालवून दाखवला. एमआरआयचा नेहमीचा चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा असतो. यावरून फरक लक्षात येईल.

घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन आलेख कागद द्या. एक 5 अंशांनी कलवून दुसऱ्याला चिकटवायला सांगा आणि नव्या ओळी कुठे कुठे सुरू कराव्या लागतात ते मोजायला लावा. दर अकरा-बारा घरांनंतर एक, असेच उत्तर येईल. ज्या हिशेबासाठी शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शक लागला, त्याचे गणित पट्टी, पेन्सिल आणि कोनमापकानेही सुटते, हे मुलांना एकदा स्वतःच्या हाताने करून कळले पाहिजे.